लाइव्हलाही सुट्टी हवी

माहूर-किनवटकडची पोरंही आता मोबाईलवर गेम खेळता खेळता लाइव्ह येतात, अनोळखी माणसांशी बोलतात, त्यातून चार पैसे मिळवायचं स्वप्न पाहतात. घरच्यांना तो रिकामटेकडेपणा वाटतो. पण एप्रिल 2024मध्ये पंतप्रधानांनी ज्या गेमर्सशी गप्पा मारल्या, त्यांत मिथिलेश पाटणकर होता, छिंदवाड्याची पायल धारे होती. हे काम आहे. आणि काम म्हटलं की विश्रांती आलीच.

नुसता गेम खेळणारा कंटाळला की उठतो. लाइव्ह असलेल्याला उठवत नाही. बोटं गेमवर, डोळे चॅटवर, तोंडाची टकळी चालू, आणि हरला तरी चेहरा हसराच. एक दिवस दिसलो नाही तर लोक विसरतील, ही धास्ती वेगळीच. ती खोटी नाही. 2018मध्ये अमेरिकेतल्या 'निंजा' या प्रसिद्ध स्ट्रीमरने दोन दिवस खंड पडताच आपले 40,000 वर्गणीदार गेल्याचं सांगितलं होतं. आपल्याकडे जुलै 2022मध्ये बीजीएमआय हा मोबाईल गेम अचानक प्ले स्टोअरवरून निघाला, तेव्हा त्या एकाच गेमवर विसंबलेल्यांची पंचाईत झाली.

म्हणून मुलांनो, लाइव्हची वेळ ठरवा, ती प्रेक्षकांना आधीच सांगा. आठवड्यातला एक दिवस बंद ठेवा. तासाभराने उठा, मनगटं मोकळी करा, नजर लांब टाका. चॅटवर लक्ष ठेवायला विश्वासातला मॉडरेटर बसवा. यूट्यूबवर घाणेरडे शब्द आधीच अडवता येतात, चॅटचा वेग कमी करणारा स्लो मोड लावता येतो. माहूरच्या रेणुकामातेच्या पायऱ्या चढताना भाविक मध्येच दम खातो, म्हणून काही त्याचं दर्शन चुकत नाही.

खेळाचा आजार तर होत नाही ना, हेही पाहा. जागतिक आरोग्य संघटनेने 2019मध्ये गेमिंगच्या विकाराला आजारांच्या यादीत घेतलं. पण तो नुसते तास मोजून ठरत नाही. खेळावरचा ताबा सुटणं, बाकी सारं मागे पडणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि हे साधारण वर्षभर चालणं, ही त्याची लक्षणं. मात्र झोप उडाली, मन खचलं, तर वर्षभर वाट पाहू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.

आईवडिलांनो, मोबाईल हिसकावू नका. मुलाच्या शेजारी बसून त्याचं वेळापत्रक ठरवा. आणि पाहणाऱ्यांनो, तुमचा आवडता स्ट्रीमर 'आज सुट्टी' म्हणाला, तर त्याला शिव्या घालू नका. त्याची सुट्टी माना.