तर्कतीर्थांची धर्मसमीक्षा

दिल्लीत मंडी हाऊसच्या चौकातून निघणाऱ्या कोपर्निकस मार्गालगत रवींद्र भवन आहे. साहित्य अकादमीचे कार्यालय तेथेच. १९५५ साली अकादमीने आपले पहिले पुरस्कार दिले, तेव्हा मराठीचा मान ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ या ग्रंथास लाभला. त्याचे कर्ते तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. ज्याच्या नावाचा हा मार्ग, तो कोपर्निकसही धर्मसंस्थेचाच एक अधिकारी होता, हा योगायोग मोठा बोलका आहे.

खानदेशातील पिंपळनेर येथे १९०१ मध्ये जन्मलेले लक्ष्मणशास्त्री वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढील केवलानंद सरस्वती, यांच्यापाशी शिकले आणि १९२३ मध्ये कलकत्त्याहून तर्कतीर्थ झाले. अशा पंडिताने शास्त्राची तटबंदी राखावी, हीच तत्कालीन समाजाची अपेक्षा. घडले ते वेगळेच. अस्पृश्यतेविषयी महात्मा गांधींचा सनातनी पंडितांशी वाद चालला असता शास्त्रीबुवा गांधींच्या बाजूस उभे राहिले. १९३३ मध्ये पुण्यात देवदास गांधी आणि राजगोपालाचारींची कन्या लक्ष्मी यांचा विवाह झाला, त्याचे पौरोहित्यही त्यांनीच केले. वर वैश्य, वधू ब्राह्मण. स्मृतींनी निंद्य मानलेला हा प्रतिलोम संबंध. स्मृतिवचने ज्यांस मुखोद्गत, त्यांनीच हे मंगलाष्टकांचे आसन स्वीकारले!

याला केवळ धाडस म्हणणे अपुरे ठरेल. वाईच्या ‘धर्मकोशा’चा पहिला भाग १९३७ मध्ये निघाला. त्यात एकेका विषयावरील वचने वेदांपासून निबंधग्रंथांपर्यंत कालक्रमाने लावलेली आहेत. रचना साधीच दिसते. परंतु दाय, साक्ष, स्त्रीधन यांविषयीची वचने ओळीने वाचू लागले की नियम पिढ्यान्‌पिढ्या पालटत आल्याचे वाचकाच्या आपोआप ध्यानी येते. मग ‘सनातन’ म्हणून कशाकडे बोट दाखवावे? ‘हिंदुधर्माची समीक्षा’ या व्याख्यानांत त्यांनी हाच प्रश्न पुढे नेला. धर्म हा मानवी इतिहासाचा भाग ठरला, की समाजाचा कायदा समाजानेच बुद्धीने ठरवावयाचा, ही त्यांची भूमिका होती. मानवेंद्रनाथ रॉय यांचा सहवास त्यांस याच वाटेवर घडला. श्रद्धाळूंस हे रुचणे कठीणच होते. मात्र आधारवचने चुकीची आहेत, असे म्हणण्याची सोय त्यांनी विरोधकांस ठेवली नव्हती.

१९५४ च्या दिल्लीतील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच आले. पुढे वाईतच बसून त्यांनी ‘मराठी विश्वकोशा’चे प्रमुख संपादकपद सांभाळले, १९७६ मध्ये त्याचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. तेथे वर्णानुक्रमाने धर्मही इतर हजारो विषयांच्या रांगेत येतो.