पणतीतला सेल

आजचा विषय ऐकायला किरकोळ वाटेल. घरातले सेल. म्हणजे बॅटऱ्याच हो, पण आमच्याकडे 'बॅटरी' म्हटलं की सासरे अजून टॉर्च शोधायला उठतात, म्हणून मी सेलच म्हणते.

मागच्या दिवाळीत आम्ही लाइटच्या पणत्या आणल्या होत्या. भाऊबीजेच्या संध्याकाळी बघते तर एक पणती उलटी पडलेली, खालचं झाकण उघडं आणि आतला सेल गायब. शेजारी आमची दीड वर्षाची लेक. तोंडातून लाळ गळत होती, पण दात येताना गळतेच. रडत नव्हती, खोकत नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "केळं भरव, उद्या शीतून पडेल." लहानपणी मी चिंचोका गिळला होता तेव्हा आईने हेच केलं होतं. मी केळं सोलायलाही घेतलं. नवरा म्हणाला, आधी रिक्षात बस.

एक्स-रेमध्ये काही निघालं नाही. सेल तीन दिवसांनी दिवाणाच्या फटीत सापडला. पण त्या रात्री डॉक्टरांनी जे सांगितलं, ते मला आधी माहीतच नव्हतं.

नाणं अडकलं तर नुसतं अडकतं. बटन सेल अन्ननलिकेत अडकला की ओलाव्यामुळे त्याचं सर्किट पूर्ण होतं आणि ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होते. सेल फुटायची गरजच नाही. दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतं. मी म्हटलं, "पण तो उतरला होता हो, पणती मंद झाली होती." डॉक्टर म्हणाले, "पणतीपुरता उतरला होता. भाजायला पुरेसा असतो तो."

म्हणून नीट ऐका. संशय आला तरी थेट एक्स-रेची सोय असलेल्या हॉस्पिटलात जायचं. उलटी काढायची नाही, केळं-भात काही भरवायचं नाही. मूल एक वर्षाच्या वरचं असेल, गिळता येत असेल आणि गिळून बारा तास झाले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध देतात, जास्तीत जास्त सहा वेळा. पण मध शोधत घरी थांबायचं नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही म्हणजे नाही.

त्या पणतीतला सेल सीआर २०३२ होता. २० म्हणजे २० मिलिमीटर व्यास, ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकायला अगदी 'योग्य' माप! आता मी विकत घेताना आधी उलटं करून बघते, झाकणाला स्क्रू आहे का. वजनकाटा, छोटे रिमोट, गाणारी ग्रीटिंग कार्डं, सगळीकडे हे सेल असतात.

पेन्सिल सेलचं थोडक्यात. भिंतीवरच्या घड्याळाला आणि रिमोटला साधा झिंक-कार्बन सेल पुरतो, महागडा नको. फक्त वर्षानुवर्षं विसरू नका, गळतो आणि पत्र्या खातो. रोज धावणाऱ्या खेळण्याला रिचार्जेबल घ्या, शेकडो वेळा चार्ज होतात. जुना आणि नवा सेल एकत्र घालू नका, नव्याच्या जोरापुढे जुना लवकर गळतो. आणि हो, सेल उन्हात ठेवून आम्ही पण रेडिओ चालवलाय. थोडा वेळ चालतो, कारण उष्णतेने आतली रासायनिक क्रिया वाढते. दातांनी चावायचे ते मात्र नको.

आता टाकायचं कुठे? २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली, आणि त्या घरच्या कचऱ्यात न मिसळण्याची आपल्यावर. फुली मारलेल्या कचराकुंडीचं चिन्ह त्यासाठीच असतं. प्रत्यक्षात घंटागाडीवाल्या दादांना विचारलं तर म्हणाले, "टाका सुक्यात." त्यांचा काय दोष, त्यांना वेगळा डबाच दिलेला नाही. पण तो कचरा पुढे कुणीतरी हातांनी निवडतं. आणि गाडीत दाबला गेलेला लिथियमचा सेल पेट घेऊ शकतो.

आम्ही एवढंच करतो. बटन सेल काढला की लगेच दोन्ही बाजूंना चिकटपट्टी. नऊ व्होल्टच्या चौकोनी सेलच्या दोन्ही टोकांनाही. मग सगळे श्रीखंडाच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या डब्यात, झाकण घट्ट, फ्रिजच्या वर. स्टीलचा डबा नको, टोकं पत्र्याला लागतात. ई-कचरा गोळा करणारे सोसायटीत आले की डबा त्यांच्या हवाली. आधी विचारून घेते, सेल घेता ना? काहीजण फक्त मोबाइल आणि चार्जर नेतात.

सासूबाईंनी गेल्या आठवड्यात घड्याळाचा सेल बदलला. जुना हातात घेऊन विचारत होत्या, "अगं, याला पण पट्टी लावायची का?" म्हटलं, पेन्सिल सेलला नाही लावली तरी चालेल. तरी त्यांनी लावली.