पीएचपी हाताने लिहावी : स्नेहसंमेलनातील भाषण

पीएचपी ही सर्व्हरवर चालणारी, वेबसाठीची भाषा आहे. ब्राउझर पान मागतो, सर्व्हर पीएचपीचा प्रोग्रॅम चालवतो, त्यातून एचटीएमएल तयार होते आणि तेवढेच ब्राउझरकडे परत जाते. मूळ प्रोग्रॅम पान पाहणाऱ्याच्या नजरेस कधीच पडत नाही. नवशिक्याची पहिली फजिती इथेच होते. फाइल डेस्कटॉपवर ठेवून तिच्यावर डबल-क्लिक केले की निकालाऐवजी नुसता कोड समोर येतो, नाहीतर फाइल भलत्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडते, आणि भाषा अवघड आहे असा बोभाटा होतो. प्रत्यक्षात मधला सर्व्हर तेवढा राहून गेलेला असतो.

ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या रासमुस लेरडॉर्फ याने १९९४ मध्ये स्वतःच्या ऑनलाइन बायोडेटाला कोण भेट देते हे पाहण्यासाठी काही छोटे प्रोग्रॅम लिहिले; पीएचपीची सुरुवात तीच. जून १९९५ मध्ये ते त्याने सर्वांसाठी खुले केले. १९९८ ची तिसरी आवृत्ती मात्र इस्रायलमधील झीव्ह सुरास्की आणि अँडी गुटमान्स या दोघांच्या फेरलेखनातून आली, आणि त्या कामाला हात घातला तेव्हा दोघेही विद्यार्थीच होते. पुढे वर्डप्रेस याच भाषेत लिहिले गेले. विकिपीडिया ज्या मीडियाविकीवर चालतो, तेही. भाषा संपली अशी आवई दरवर्षी उठते. २०२० च्या नोव्हेंबरात तिची आठवी आवृत्ती आली, आणि महाराष्ट्रात बीसीए, बीसीएसच्या वर्गांपासून तंत्रनिकेतनाच्या पदविकेपर्यंत ती आजही शिकवली जाते. नवशिक्यासाठी तिचा मोठा गुण असा की एक ओळ बदलावी, फाइल सेव्ह करावी, पान रिफ्रेश करावे आणि फरक तिथल्या तिथे दिसावा.

पीएचपीआधी एचटीएमएल यायला हवे, पण थोडे. मथळा, परिच्छेद, तक्ता, दुवा आणि मुख्य म्हणजे फॉर्म, एवढ्यावर भागते. रंगरंगोटी नंतर करता येते; सुरुवातीलाच तिच्या नादी लागलेले पुष्कळ जण पीएचपीपर्यंत पोचतच नाहीत.

पीएचपी संगणकावर बसवण्याचा रुळलेला मार्ग म्हणजे झॅम्प. त्यात अपाची सर्व्हर, डेटाबेस आणि पीएचपी एकाच वेळी येतात. फाइल एचटीडॉक्स या फोल्डरमध्ये ठेवायची आणि ब्राउझरच्या पट्टीत लोकलहोस्ट लिहून ती उघडायची. अपाची सुरू होत नसेल तर ऐंशी क्रमांकाचे पोर्ट दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरने अडवून ठेवले आहे का, हे आधी पाहावे. २०१२ च्या ५.४ या आवृत्तीपासून पीएचपीमध्येच एक छोटा सर्व्हर येतो. कमांडच्या काळ्या खिडकीत पीएचपी, मग उणे चिन्ह जोडून मोठ्या लिपीतला एस, आणि पुढे लोकलहोस्ट व पोर्टचा आकडा, एवढे लिहिले की तो सुरू होतो. सरावाला तेवढा पुरतो. ज्यांच्या घरी संगणक नाही त्यांना अँड्रॉइड फोनवर टर्मक्स हे ॲप घेऊन त्यात पीएचपी बसवता येते. फोनवर कंस आणि अवतरणचिन्हे शोधत टाइप करणे जिवावर येते खरे, पण त्यामुळे शिकणे अडत नाही.

याच महाविद्यालयात २००५ च्या आसपास ही सोय कशी होती ते सांगण्याजोगे आहे. संगणक कक्ष जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर होता आणि चपला दाराबाहेर काढाव्या लागत. एका संगणकासमोर दोघे-तिघे बसत. कीबोर्ड एकाच्या ताब्यात, बाकीचे सांगणारे. इंटरनेट एकाच संगणकावर, तेही विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये. भारनियमनाचे दिवस होते. दुपारी वीज गेली की यूपीएस एका सुरात ओरडू लागत आणि कक्षभर सेव्ह करण्याची धांदल उडे. फ्लॉपीवर घेतलेली फाइल घरी, म्हणजे गावातल्या सायबर कॅफेत, उघडेलच याची खात्री नसे. पीएचपीचे मॅन्युअल कोणीतरी सीडीवर आणले होते. ती सीडी हातोहात फिरून इतकी ओरखडली की अखेरीस तिच्यातले अर्धे मॅन्युअल एकाच संगणकावर शिल्लक राहिले, आणि त्या खुर्चीसाठी भांडणे होऊ लागली.

कक्षाचे लॅब असिस्टंट कडक होते. प्रॅक्टिकलचा प्रोग्रॅम आपल्यासमोर टाइप केल्याशिवाय ते प्रिंटआउट काढू देत नसत. शेजाऱ्याच्या फ्लॉपीवरून आणलेली फाइल ते शांतपणे पुसून टाकत आणि विद्यार्थ्याला पुन्हा खुर्चीवर बसवत. त्या वेळी हा छळ वाटे. सबमिशनच्या आठवड्यात त्यांच्याविषयी जे बोलले जाई ते या व्यासपीठावरून सांगता येण्यासारखे नाही. प्रस्तुत वक्त्याला पीएचपी जी काही आली ती त्या पुन्हा बसवण्यातून आली. सर आता निवृत्त आहेत आणि दुसऱ्या रांगेत, खांबाजवळ बसले आहेत. त्यांचे नाव घेतलेले त्यांना आवडणार नाही.

हाताने टाइप करणे ही पीएचपी शिकण्याची पहिली पद्धत आहे, आणि शेवटपर्यंत उपयोगी पडणारीही तीच आहे. सातव्या ओळीच्या शेवटी अर्धविराम राहून गेला, तर पीएचपी बहुधा आठव्या ओळीत चूक असल्याचे सांगते. पुढचा शब्द भेटेपर्यंत आधीचे वाक्य संपले नसल्याचे तिला कळायला मार्ग नसतो. स्वतः लिहिणाऱ्याला हे एकदा कळले की तो त्रुटीसंदेशातल्या ओळीबरोबर तिच्या वरची ओळही आपोआप तपासू लागतो. कॉपी-पेस्ट करणाऱ्याला ही नजर येत नाही, कारण त्याची चूक त्याने केलेलीच नसते. शिवाय पीडीएफमधून किंवा वर्डच्या फाइलमधून उचललेल्या कोडमध्ये सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार चिन्हे येतात. डोळ्यांना ती सारखीच दिसतात, पीएचपीला चालत नाहीत. एका अवतरणचिन्हापायी अख्खी दुपार गेल्यावर तीच ओळ हाताने लिहायला अर्धे मिनिट लागले असते हे लक्षात येते.

भाषेचे व्याकरण ठरावीक क्रमाने घ्यावे. डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारी चले, मग अट, मग ॲरे आणि त्यावर फिरणारे फॉरईच, मग फंक्शन. पीएचपीमध्ये ॲरेचे काम इतके पडते की फॉर लूपचे नमुने घोकण्यापेक्षा फॉरईचवर जास्त वेळ द्यावा. तारकांचे त्रिकोण छापणारे प्रोग्रॅम परीक्षेपुरते ठीक आहेत. तुलना करताना दोन बरोबर-चिन्हे आणि तीन बरोबर-चिन्हे यांत फरक आहे. पीएचपी ८ च्या आधी शून्य हा आकडा आणि कोणताही अक्षरी शब्द यांची दोन चिन्हांनी तुलना केली तर दोन्ही समान असल्याचे उत्तर मिळे. आठव्या आवृत्तीत ते बदलले. तीन चिन्हांची सवय पहिल्या दिवसापासून लावलेली बरी. आणि चलाच्या पोटात काय आहे याचा अंदाज बांधत बसू नये. व्हारडंप हे फंक्शन लिहून ते उघडून पाहावे.

मराठी विद्यार्थ्याने एक प्रयोग अवश्य करावा. फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करून ‘मराठी’ या शब्दाची लांबी स्ट्रलेन या फंक्शनला विचारावी. उत्तर १५ येते. एमबी-स्ट्रलेन ५ सांगते. इंटल हे एक्स्टेंशन चालू असेल तर ग्राफीम-स्ट्रलेन ३ सांगते. तिन्ही उत्तरे बरोबर आहेत. पहिले फंक्शन बाइट मोजते, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. दुसरे म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी पाच चिन्हे मोजते. तिसरे म, रा, ठी ही वाचणाऱ्याला दिसणारी तीन अक्षरे मोजते. आता याच शब्दाचे पहिले दहा बाइट सब्स्ट्र या फंक्शनने कापले तर पडद्यावर ‘मरा’ उमटते आणि त्यापुढे प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन. ठ चा एक तृतीयांश भाग तिथे अडकलेला असतो. मराठी संकेतस्थळांवरच्या बातम्यांचे मथळे अधूनमधून असे अर्ध्यात तुटलेले दिसतात, त्यामागे बहुधा हेच असते. मजकुरासाठी युनिकोड थेट भाषेच्या गाभ्यातच बसवण्याचा प्रयत्न सहाव्या आवृत्तीसाठी झाला होता. तो सोडून द्यावा लागला, आणि पाचव्यानंतर एकदम सातवी आवृत्ती आली. त्यामुळे मराठीत काम करणाऱ्याला एमबीने सुरू होणारी फंक्शने पाठच असावी लागतात. डेटाबेसमध्येही यूटीएफ-८-एमबी-४ हीच मांडणी निवडावी, नाहीतर नावांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा दिसतात.

यानंतर फॉर्म आणि डेटाबेस. इथे जुन्या पुस्तकांपासून सावध राहिले पाहिजे. मायएसक्यूएलशी जोडणारी जुनी फंक्शने डिसेंबर २०१५ च्या सातव्या आवृत्तीतून काढून टाकली आहेत, तरी कित्येक नोट्समध्ये, आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या सोडवलेल्या स्लिपांमध्ये, ती अजून नांदत आहेत. त्यांच्या जागी पीडीओ शिकावे आणि प्रश्नाचा साचा व त्यात भरायची माहिती डेटाबेसला वेगवेगळी द्यावी. त्याची गरज वसईच्या किंवा गोव्याच्या एखाद्या आडनावावरून समजते. डिसोझा हे आडनाव पुष्कळ जण रोमन लिपीत डी नंतर वर एक टिंबवजा स्वल्पविराम देऊन लिहितात. माहिती थेट वाक्यात जोडली असेल तर त्या चिन्हाशी वाक्य संपले असे डेटाबेस समजतो, पुढची अक्षरे त्याला आज्ञा वाटतात आणि नोंदणी कोसळते. एका सरळ माणसाच्या आडनावाने हे होते, तर वाईट हेतूने लिहिलेल्या मजकुराने सगळा तक्ताही पुसला जाऊ शकतो. पासवर्ड कधीही जसाच्या तसा साठवू नये. त्यासाठी पासवर्ड-हॅश हे फंक्शन आहे. लोकांनी लिहिलेला मजकूर पानावर दाखवताना तो एचटीएमएल-स्पेशलचार्समधून न्यावा.

शिकण्याची साधने फुकट आणि भरपूर आहेत. अधिकृत मॅन्युअलमध्ये बहुतेक फंक्शनांखाली उदाहरणे असतात; ती आधी वाचावी. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात पीएचपी आणि मायएसक्यूएलचे पाठ आहेत, आणि प्रकल्पातले पाठ भारतीय भाषांत ऐकण्याची सोय आहे. पाठ थांबवायचा, तेवढे स्वतःच्या संगणकावर करायचे, मग पुढे जायचे, अशी त्याची रीतच आहे. म्हणजे पुन्हा हाताने लिहिणे आले. कोणत्याही चित्रफितीची तारीख मात्र तपासावी. एआयला प्रश्न विचारायलाही हरकत नाही. त्याच्याकडून त्रुटीसंदेशाचा अर्थ समजून घ्यावा, स्वतःचा कोड दाखवून काय बिघडले ते विचारावे. त्याने दिलेला कोड चालला तरी तो बंद करून, न पाहता, पुन्हा टाइप करावा. जिथे अडेल तिथपर्यंतच तो समजलेला असतो. तृतीय वर्षाचे जे विद्यार्थी आत्ता मागच्या बाजूला हसत आहेत त्यांना हे बहुधा पटले आहे.

सरावाला खरे काम लागते. वाचनालयाची, रुग्णालयाची, हॉटेलची व्यवस्था ही प्रकल्पांची नावे वर्षानुवर्षे तीच आहेत, आणि ती व्यवस्था वापरणारे माणूस त्यात कुठेही नसते. याच संमेलनाच्या फिशपाँड आणि समूहनृत्याच्या नोंदणीसाठी सूचनाफलकाजवळ आठवडाभर कागद लावलेला होता. पावसाच्या गळतीने त्यातली काही नावे धुऊन गेली आणि सांस्कृतिक विभागाच्या सचिवांना, ज्या सकाळपासून पळत आहेत, ती यादी तोंडी विचारून पुन्हा करावी लागली. नाव, वर्ग, कार्यक्रम एवढे तीन रकाने. नोंद करणे, यादी दाखवणे, चूक सुधारणे आणि नाव काढणे ही चार कामे. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला पीएचपीतले जे जे यायला हवे ते बहुतेक सगळे यात येते, आणि नाव गहाळ झाले तर जाब विचारायला माणसेही हजर असतात.

समोर बसलेल्या पालकांसाठी एवढेच की यासाठी महाग लॅपटॉप लागत नाही. घरातला जुना संगणक पुरतो. प्राध्यापकांसाठी एक विनंती आहे. जर्नलमध्ये सुबक अक्षरात उतरवलेल्या प्रोग्रॅमला जेवढे गुण मिळतात, तेवढे तरी व्हायव्हात विद्यार्थ्याने समोर लिहिलेल्या पाच ओळींना मिळावेत. कक्ष संध्याकाळी तासभर जास्त उघडा राहिला तर आणखी चांगले. किल्ली कोणाकडे राहील हा प्रश्न २००५ मध्येही सुटला होता.

इतरांनी लिहिलेला तयार कोड आणून देणारे कंपोझर आणि लॅरॅव्हल यांचा नंबर या सगळ्यानंतर लागतो. २०११ मध्ये आलेले लॅरॅव्हल हे तयार चौकट पुरवते. लॉगिन, पानांचे रस्ते, डेटाबेसशी बोलणे ही कामे त्यात काही आज्ञांवर होतात. नोकरीच्या जाहिरातींत त्याचे नाव असते म्हणून पहिल्याच सत्रात ते मागणारे विद्यार्थी दर वर्षी भेटतात. ज्याने एकदा तरी स्वतःचे लॉगिनचे पान लिहिले, सेशन सुरू केले आणि पुढच्या पानावर ते सुरू करायला विसरल्यामुळे बाहेर फेकला गेला, त्याला लॅरॅव्हलच्या फोल्डरांत काय कुठे आहे ते ओळखता येते. इतरांना ते फोल्डर नुसते दिसतात. तृतीय वर्षाच्या प्रकल्पाला लॅरॅव्हल घ्यायला हरकत नाही. प्रथम वर्षाला देऊ नये, आणि विभागप्रमुख पहिल्याच रांगेत असल्याने हे इथेच सांगितलेले सोयीचे.