मदत, भरपाई आणि समाजाचे दायित्व



कयाधू, पूर्णा आणि पैनगंगा या नद्यांच्या आश्रयाने नांदणारा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. संत नामदेवांची नरसी आणि औंढ्याचा नागनाथ यांमुळे पावन झालेल्या या भूमीचा संसार सोयाबीन, कापूस, तूर आणि हळद यांवर चालतो. सप्टेंबर २०२४च्या आरंभी अतिवृष्टीने येथील उभी पिके पाण्याखाली गेली. २०२५च्या पावसाळ्यात मराठवाड्यावर पुन्हा तोच प्रसंग ओढवला.

अशा वेळी शासन देते ती ‘भरपाई’ नसून ‘मदत’ असते. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळातील निकषांनुसार, ३३ टक्के वा अधिक नुकसान झाल्यास जिरायत पिकास हेक्टरी ८,५००, बागायतीस १७,००० आणि बहुवार्षिक पिकास २२,५०० रुपये ठरले होते. मर्यादा दोन हेक्टरांची होती. ऑक्टोबर २०२५मध्ये राज्य शासनाने ती तीन हेक्टर केली आणि रब्बीच्या बियाण्यांसाठी हेक्टरी १०,००० रुपये जाहीर केले.

२०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. म्हणजे ८,५०० रुपये ही जेमतेम दीड क्विंटल सोयाबीनची किंमत. एवढ्यात बियाणे, खत, फवारणी आणि मजुरी भागत नाही, हे शेतकऱ्याच्या घरातील लेकरालाही कळते. तथापि ही रक्कम वेळेवर हाती पडली, तर सावकाराचे दार टळते. म्हणूनच तिचे मोल आकड्याहून अधिक आहे, आणि विलंबाचे पापही तितकेच मोठे आहे.

दुसरा प्रश्न पंचनाम्याचा. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक बांधावर येतात तेव्हा आडवे पडलेले सोयाबीन डोळ्यांना दिसते. हळदीचे तसे नाही. साचलेल्या पाण्याने कंद जमिनीखाली कुजतो, आणि खरा तोटा काढणीच्या वेळी, काही महिन्यांनी उघड होतो. वसमतच्या परिसरातील हळद उत्पादकाचे हे दुखणे कागदावर सहजी उमटत नाही.

तिसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. मदत सातबाऱ्यावरील नावाला मिळते. बटईने कसणाऱ्याचे बियाणे वाहून जाते, घाम वाहून जातो. पैसा मात्र जमीनमालकाच्या खात्यात जमा होतो. पतीच्या पश्चात वारसाची नोंद न झालेली विधवा भगिनी, सामायिक खातेदार, ई-केवायसी अडल्यामुळे तिष्ठत बसलेले वृद्ध, हे सारे यादीच्या काठावर उभे आहेत.

शासनाने आपले कर्तव्य करावे, याविषयी आग्रह धरलाच पाहिजे. परंतु समाजही हात बांधून बसू शकत नाही. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी वारसनोंदी पूर्ण करून घ्याव्यात, यादी लागताच चावडीवर तिचे वाचन करावे, वृद्धांना सेवा केंद्रापर्यंत न्यावे. मदतीची रक्कम बँकेने परस्पर कर्जात वळती करू नये, अशा सूचना शासन निर्णयात असतात. त्यांची जाणीव लेखी अर्जाने करून द्यावी. आणि जमीनमालकाने बटईदाराचा वाटा स्वतः होऊन त्याच्या हाती ठेवावा. कायदा जेथे थांबतो, तेथून धर्म सुरू होतो.