भूमीवर उतरण्याची विद्या

विमान आकाशांत कसें चढतें याचें कौतुक सर्वांस असतें. परंतु तें पुन्हां भूमीवर कसें येतें, इकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. नवशिक्या वैमानिकाच्या आरंभींच्या शिक्षणाचा मोठा भाग मात्र या उतरण्याच्या पायींच खर्ची पडतो.

मुंबईनजीक जुहू येथें १९२८ सालीं फ्लाइंग क्लबाचें काम सुरू झालें. जे. आर. डी. टाटा यांनीं येथेंच धडे घेऊन १० फेब्रुवारी १९२९ रोजीं हिंदुस्थानांत दिला गेलेला पहिला वैमानिक-परवाना मिळविला. त्या काळीं तेथें आजच्यासारखी पक्की धांवपट्टी नव्हती. मोकळें मैदान होतें. एका अर्थीं ती सोयच, कारण वारा जिकडून येईल तिकडे तोंड करून उतरतां येई. पावसाळ्यांत मात्र त्या मैदानांत पाणी सांचे. १९३२ सालीं सुरू झालेलीं टाटांचीं टपालविमानें ते महिने पुण्यास न्यावीं लागत.

अशा क्लबांतून प्रथम मॉथ व पुढें टायगर मॉथ या जातीचीं विमानें शिकविण्यास वापरीत. टायगर मॉथ हें १९३१ सालीं इंग्लंडांत प्रथम उडालें. दोन पंखांचें, तारांनीं आवळलेलें, वरून उघडें असें हें विमान. त्यांत एकामागें एक दोन बैठका. पुढें शिक्षक, मागें शिष्य. दोघांपुढें सारखीच दांडी, दोघांच्या पायांशीं सारखाच सुकाणूचा आडवा दांडा, आणि सर्व एकमेकांस जोडलेलें. बोलणें चाले तें रबरी नळींतून. ही नळी आणि ही शिकविण्याची रीत पहिल्या महायुद्धांतील. १९१७ सालीं इंग्लंडांत गॉस्पोर्ट येथें स्मिथ-बॅरी या अधिकाऱ्यानें ती बसविली. तोंपर्यंत शिकतांनाच कित्येक तरुण प्राणांस मुकत असत. संकट टाळावयास सांगून भागत नाहीं, शिक्षक बरोबर असतांना तें शिष्यास मुद्दाम दाखवून त्यांतून सुटावयास शिकविलें पाहिजे, असा त्याचा आग्रह होता.

आतां प्रत्यक्ष अभ्यास पाहूं. विमान चढतें, सुमारें हजार फुटांवरून मैदानास वळसा घालतें, आणि वाऱ्याकडे तोंड करून खालीं येऊं लागतें. थ्रॉटल मागें ओढला कीं इंजिनाची गर्जना मावळते व तारांमधून वाऱ्याची शीळ ऐकूं येते. वेग ताशीं सुमारें ६० मैल. जमीन कांहीं फुटांवर आली कीं दांडी हळूंहळूं मागें घेऊन विमान जमिनीस समांतर धरावयाचें, आणि वेग ओसरेल तशी दांडी आणखी मागें घेत राहावयाचें. पंखांची उचलून धरण्याची शक्ति संपते त्याच क्षणीं दोन्ही चाकें व शेपटी एकदम टेकलीं, म्हणजे साधलें.

सांगावयास इतकें सोपें! नवशिका जवळच्या गवताकडे पाहतो. तें इतक्या वेगानें मागें पळतें कीं उंचीचा अदमासच लागत नाहीं. दृष्टि दूर पुढें ठेवावी, हें शिक्षक दहा वेळां सांगतो. दांडी लवकर ओढली तर विमान उंचावरच थबकून धपकन् खालीं येतें. उशीर झाला तर चाकें आपटून तें चेंडूसारखें उसळतें. उसळल्यावर घाबरून नाक खालीं दाबण्याचा मोह होतो, आणि तोच सर्वांत घातक. मोठी उसळी बसल्यास थ्रॉटल पूर्ण पुढें सारून पुन्हां चढावें व नवा वळसा घ्यावा, यांत कमीपणा नाहीं.

या साऱ्यांत शिक्षकाचें काम अधिक कठीण म्हटलें पाहिजे. चूक होत आहे हें त्यास शिष्याच्या आधीं कळतें. हात पुढें करून ती सुधारणें त्यास क्षणाचें काम. पण तसें तो नेहमीं करील तर शिष्य कांहींच शिकणार नाहीं, आणि न करील तर कदाचित् दोघांचाही चुराडा होईल. म्हणून विमान थोडें आपटूं द्यावें, थोडें उसळूं द्यावें, आणि त्यापुढें मात्र नाहीं, अशी एक रेषा तो मनाशीं आंखून बसतो. कित्येक शिक्षक दोन्ही हात बाहेर वर करून दाखवीत, म्हणजे मागच्यास कळे कीं विमान आतां सर्वस्वीं आपल्याच स्वाधीन आहे. शिष्यास शिक्षकाचें डोकें व खांदे तेवढे दिसत; खांदा हलला कीं नाहीं, यावरून तो आपली परीक्षा ओळखी.

मग एखाद्या सकाळीं, वारा मंद असतांना, शिक्षक विमान थांबवावयास सांगतो आणि स्वतः खालीं उतरतो. रिकाम्या बैठकीचे पट्टे दांडींत अडकूं नयेत म्हणून ते नीट आवळून बांधतो. विमान हलकें झाल्यानें लवकर चढेल व उतरतांना जास्त वेळ तरंगेल, एवढेंच बजावून तो मैदानाच्या कडेस जाऊन उभा राहतो.

विमान वळसा घालून परत येतें. किंचित् उंचावर थबकतें, एकदां उसळतें, स्थिरावतें. कडेला उभ्या असलेल्या शिक्षकाचा उजवा हात मात्र एवढा वेळ, हातांत दांडी नसतांही, हळूंहळूं मागें येत असतो.