रागाचा चेंडू

मानपाडा ठाण्यातला असो की डोंबिवलीतला, सुट्टीत मुलाला टेनिस शिबिरात घालताना आपण फोरहँड, बॅकहँडची चौकशी करतो. वागण्याची सहसा करत नाही.

पंच नसलेल्या सामन्यात आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, हे खेळाडूनेच सांगायचं असतं. शंका असेल तर चेंडू आत धरायचा. आठ-नऊ वर्षांच्या पोराला हे फार जड जातं. म्हणून सरावातच त्याला ते मोठ्याने पुकारायला लावावं. शेजारच्या कोर्टात गेलेला चेंडू तिथला गुण संपल्यावरच आणायचा.

रागाने चेंडू भिरकावायचा नाही. 2020 च्या अमेरिकन ओपनमध्ये जोकोविचने असा मारलेला चेंडू रेषापंच बाईंना लागला. हेतू नव्हता, तरी तो स्पर्धेबाहेर गेला. मोठ्या स्पर्धांत शिक्षेच्या पायऱ्याही ठरलेल्या असतात: आधी ताकीद, मग गुण जातो, मग गेम. शिबिरातही त्या पहिल्याच दिवशी सांगाव्यात.



पालकहो, अर्ज भरतानाच प्रशिक्षकांकडून हे नियम लेखी मागून घ्या, आणि घरी मुलासोबत वाचा.