स्वस्त जमीन, महाग पाणी

अमेरिकेत शहर सोडून स्वतःची विहीर, कोंबड्या आणि वर्षाचं धान्य अशा बेताने संसार थाटण्याची हौस अनेकांना असते. त्यांची नजर हमखास कोलोरॅडोतल्या कोस्टिया काउंटीवर जाते. जमीन स्वस्त, शेजार विरळ. पण जमीन स्वस्त का, हे आधी विचारावं!

खरी मेख पाण्यात आहे. इथे पाण्याचा हक्क आधी आलेल्याचा. इथल्याच सॅन लुईस गावच्या पाटाचा हक्क १८५२चा, राज्यातला सर्वांत जुना. नव्याने आलेला साहजिकच रांगेत शेवटी. ३५ एकरांहून लहान प्लॉटवर विहिरीचा परवाना मिळतो तो बहुधा घरातल्या वापरापुरताच. त्या पाण्यावर भाजीचा वाफा भिजवता येत नाही. मग पागोळ्यांचं पाणी साठवावं? २०१६च्या कायद्याने त्याला परवानगी दिली, पण मर्यादा घालून: दोन पिंपं, मिळून ११० गॅलन, म्हणजे जेमतेम ४१६ लिटर.

शिवाय इथली उंची सुमारे आठ हजार फूट, त्यामुळे पिकाचा हंगाम आखूड. वणव्याचा धोका वेगळाच. २०१८च्या स्प्रिंग क्रीक वणव्यात इथलं आणि शेजारच्या काउंटीतलं मिळून लाखाहून अधिक एकर क्षेत्र जळलं. डोंगरातला प्लॉट घेताना बाहेर पडायला दुसरा रस्ता आहे का, हे स्वतः गाडीने फिरून पाहावं.